अनोळखी मांडणी म्हणजे गुन्हा नव्हे: शालेय फुटबॉलच्या नियम समितीला खुले पत्र

प्रति,
फुटबॉल नियम समिती,
नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स,
इंडियानापोलिस

सन्माननीय सदस्यहो,

मी न्यू जर्सीत शालेय अमेरिकन फुटबॉलचा पंच आहे. हंगामात बहुतेक शुक्रवारी रात्री मी लाइन जज असतो, म्हणजे चेंडू जिथे ठेवलेला असतो त्या रेषेच्या टोकाला, मैदानाच्या कडेवर उभा असतो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे येईल. हे मराठीत लिहितो आहे ते बाकांवर बसणाऱ्या आईवडिलांसाठी. एडिसन, प्लेन्सबरो भागातली आमची मुलं आता हा खेळ खेळू लागली आहेत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन त्यांचे वडील मला विचारतात, "पोरगा साठ यार्ड पळाला, टचडाउन झाला, आणि तुम्ही लोकांनी तो परत घेतलात. का?" त्यांना द्यायचं उत्तर आणि आपल्याकडे करायची मागणी, दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. म्हणून दोघांना एकदमच लिहितो.

गेल्या हंगामातला एक सामना सांगतो. शाळांची नावं घेत नाही. एका बाजूला मोठी शाळा होती, साठ-सत्तर मुलांचा संघ, अख्ख्या मैदानभर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे गडी, पसरवून खेळणारा. दुसऱ्या बाजूला लहान शाळा, गणवेश घातलेली जेमतेम तेवीस मुलं. ही लहान शाळा 'डबल विंग' मांडते. लाइनमधले सात जण पायाला पाय लावून उभे, दोन्ही टोकांच्या मागे एकेक विंगबॅक, आणि चेंडू वाटणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीला जवळजवळ चिकटलेला, चेंडू घेऊन घुसणारा फुलबॅक. बाहेर रुंदावर कोणीच नाही. स्नॅपच्या, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणाच्या, आधी एक विंगबॅक मागून आडवा निघतो, म्हणजे मोशनमध्ये जातो, आणि त्या धावपळीत चेंडू नेमका कुणाकडे गेला हे बचाव करणाऱ्यांना क्षणभर कळत नाही. ही मांडणी जुनी आहे आणि पूर्णपणे नियमात बसणारी आहे. भारी वजनाची पोरं नसलेल्या शाळांना ती आधार देते.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये माझ्या बाजूचा विंगबॅक पलीकडे निघाला. आमच्यात रीत अशी की मोशनमधला गडी ज्याच्यापासून दूर जातो, तो त्या पंचाचा. स्नॅप अर्धा क्षण उशिरा आला. तेवढ्यात त्या मुलाने वळायला सुरुवात केली होती आणि चेंडू हलला तेव्हा त्याचं पाऊल पुढच्या दिशेला पडलेलं होतं. आपलं पुस्तक स्पष्ट सांगतं: स्नॅपच्या वेळी एकच खेळाडू मोशनमध्ये असू शकतो आणि त्याची चाल प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे असता कामा नये. मी फडकं, म्हणजे चूक झाल्याची खूण म्हणून टाकायचा रुमाल, टाकलं. तोवर फुलबॅक मधल्या फटीतून निघून पार शेवटच्या रेषेपलीकडे पोचला होता. टचडाउन गेला, पाच यार्डांचा दंड झाला, डाव पुन्हा खेळवला. सामना ते हरले.

त्यांचे प्रशिक्षक ओरडले नाहीत. पुढच्या टाइमआउटला माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांच्या पोराला तुम्ही सांगता. आमच्या पोराला फडकं टाकता."

त्या रात्री घरी जाऊन मी सामन्याची फिल्म पाहिली. दोनदा पाहिली. मोठ्या शाळेचा माझ्या बाजूचा रुंद रिसीव्हर त्या सामन्यात अकरा वेळा चुकीच्या जागी उभा होता. लाइनवरही नाही आणि मागेही नाही. अकराही वेळा मी त्याला एकतर हाताने खुणावलं होतं, नाहीतर "पोरा, एक पाऊल पुढे" असं सांगितलं होतं. त्यातल्या पाच वेळी तो माझं ऐकून हलायच्या आतच स्नॅप झाला होता आणि मी फडकं टाकलं नव्हतं. त्यांच्या स्लॉट रिसीव्हरची, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरची, मोशन दोनदा पुढे झुकलेली होती. खेळ दुसऱ्या बाजूला गेला म्हणून मी तेही सोडून दिलं होतं. प्रशिक्षकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

बाकावरच्या मंडळींसाठी थोडं समजावतो. चेंडू ठेवलेल्या जागेवरून मैदानभर आडवी जाते ती स्क्रिमेजची रेषा. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी निदान पाच जण या रेषेवर हवेत आणि मागे चारपेक्षा जास्त असता कामा नयेत. रेषेवर म्हणजे किती जवळ? चेंडू देणाऱ्या सेंटरच्या कमरेतून एक काल्पनिक पडदा आडवा धरायचा. ज्याचं डोकं किंवा पाय त्या पडद्याला छेदतो तो लाइनवर. मागचा गडी मागचा ठरायला त्याच्या अंगाचा कोणताही भाग जवळच्या लाइनमनच्या कमरेच्या पुढे येता कामा नये. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जो उभा आहे तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. पुस्तकाप्रमाणे स्नॅप झाल्याक्षणी तो गुन्हा आहे. शिवाय एका किंवा अधिक खेळाडूंनी जागा बदलून नवी जागा घेतली, तर स्नॅपपूर्वी अकराच्या अकरा जणांनी पुरता एक सेकंद स्तब्ध राहिलं पाहिजे. पास कुणी झेलायचा हे दोन गोष्टींवरून ठरतं. खेळाडू लाइनच्या टोकाला किंवा मागे उभा हवा, आणि त्याच्या पाठीवर ५० ते ७९ मधला आकडा नको.

आता हे सगळं मी कडेवरून, वीस-पंचवीस यार्डांवरून, आडव्या नजरेने पाहतो. पंधरा वर्षांचा रिसीव्हर सेंटरच्या कमरेच्या पातळीत उभा राहिला की नाही हे इंचात मोजायला बसलो, तर एका सामन्यात तीस फडकी पडतील आणि खेळ होणारच नाही. म्हणून आम्ही पंच आधी बोलतो. रुंद रिसीव्हर मागे असला की हात मागच्या बाजूला लांब करून त्याला आणि पलीकडच्या सहकाऱ्याला दाखवतो. चुकला तर सांगतो. पुन्हा चुकला तर त्याच्या प्रशिक्षकाला सांगतो. त्यानंतरच फडकं. ही रीत चांगली आहे, मुलं तिच्यातून शिकतात. माझी तक्रार एवढीच की ही रीत पुस्तकात नाही. ती एका पंचाकडून दुसऱ्याकडे तोंडी येते. आणि जी सूट लिहिलेली नसते ती ओळखीच्यांनाच मिळते.

मुद्दाम कुणी पक्षपात करत नाही. पण आज पसरलेली मांडणी सगळीकडे आहे. शालेय, कॉलेज, व्यावसायिक, दर आठवड्याला टीव्हीवर तीच. तिच्यातल्या बारीकसारीक चुका डोळ्याला टोचेनाशा झाल्या आहेत. डबल विंग, सिंगल विंग, लाइनच्या एकाच बाजूला सगळे टॅकल (लाइनमधले भारी अडवणारे गडी), किंवा टचडाउननंतरच्या एक्स्ट्रा पॉइंटच्या वेळी बाकीची पोरं एका कडेला आणि सेंटर एकटा मधे असलेली 'स्विंगिंग गेट', यांतलं काही दिसलं की आमचे पाचही जण ताठ होतात. चूक शोधायच्या तयारीतच बघतात. शोधली की ती सापडते. ओळखीच्या मांडणीतही सापडली असती.

यात एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त सलते. सामन्याआधी रेफरी, म्हणजे मुख्य पंच, दोन्ही प्रशिक्षकांना भेटतो आणि विचारतो, काही वेगळं दाखवणार आहात का? जो प्रामाणिक आहे तो कागदावर काढून दाखवतो. रेफरी आम्हाला येऊन सांगतो, "दुसऱ्या क्वार्टरमध्ये हे येईल, लक्ष ठेवा." झालं. ज्याने मोकळेपणाने सांगितलं त्याच्यावर दहा डोळे रोखले जातात. ज्याने काहीच सांगितलं नाही त्याचा रिसीव्हर अर्धा यार्ड चुकीचा उभा राहून निवांत खेळतो.

आपल्या समितीला या प्रश्नाचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी तो थोडा उगाळतो, कारण त्यातून मला एक फरक दिसतो. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध 'फ्लाइंग वेज' आणली. अख्खा संघ पाचरीसारखा धावत येऊन एका बचावपटूवर आदळायचा. हाडं मोडत होती, म्हणून १८९४ मध्ये ती बंद झाली. १९१० मध्ये लाइनवर सात जण सक्तीचे झाले, तेही घोळक्याने ढकलून माणसं जखमी होत होती म्हणून. हे निर्णय अंगरक्षणासाठी होते आणि त्यांवर वाद घालण्यासारखं काही नाही. १९२७ चा एक सेकंद थांबण्याचा नियम मला आणखी शहाणपणाचा वाटतो. नोत्र दामचा संघ सगळा मिळून एका लयीत जागा बदलायचा आणि थांबतो न थांबतो तोच चेंडू उडायचा. समोरच्याला उभं राहायलाही वेळ मिळत नसे. तेव्हाच्या समितीने शिफ्ट बंद केली नाही. तिने फक्त एक सेकंद मागितला. कल्पकता राहिली आणि समोरच्याला डोळे उघडून बघायची संधीही मिळाली.

याउलट २००७ नंतर जे घडलं ते आठवा. कॅलिफोर्नियातल्या पिडमाँट या लहान शाळेच्या कर्ट ब्रायन आणि स्टीव्ह हम्फ्रीज या प्रशिक्षकांनी 'ए-११' काढली. किकच्या मांडणीत आकड्यांची अट सैल असायची. चेंडू घेणारा सात यार्ड मागे उभा राहिला की लाइनवर ५० ते ७९ चे आकडे लागत नसत. त्यांनी ती सूट प्रत्येक डावाला वापरली. अकराही जणांच्या पाठीवर झेलायला पात्र आकडे. कोण खरोखर पात्र आहे हे स्नॅपपूर्वीच्या शेवटच्या क्षणी ठरायचं. २००९ मध्ये आपण ती फट बुजवलीत. मी तो निर्णय योग्य मानतो. पाठीवरचा आकडा ही बचाव करणाऱ्या मुलांना दिलेली माहिती आहे. ती निरर्थक झाली तर त्यांनी बघायचं कुठे? पंचांनाही पाच जणांत ते पेलणारं नव्हतं. पण त्या प्रकरणाचा दुसरा परिणाम आजही रेंगाळतो आहे. विचित्र मांडणी दिसली की 'हा काहीतरी लबाडी करतोय' ही भावना पंचांच्या मनात आधी येते. डबल विंगचा त्या फटीशी काडीचाही संबंध नाही. तिच्यात लाइनवर पुरे सात, मागे चार, आकडे जिथल्या तिथे.

व्यावसायिक खेळात तरी हे सोपं आहे का? १० जानेवारी २०१५ ला न्यू इंग्लंडने बाल्टिमोरविरुद्ध शेन विरीनला, पाठीवर ३४ आकडा असताना, पास झेलायला 'अपात्र' म्हणून नोंदवून रुंदावर उभं केलं आणि टॅकलच्या जागी उभ्या असलेल्या टाइट एंडला, म्हणजे झेलायला पात्र असलेल्या गड्याला, पास दिला. रेफरीने ध्वनिक्षेपकावर सांगूनही बचावपटू गोंधळले. बाल्टिमोरचे जॉन हार्बॉ मैदानात धावून आले आणि त्यांनाच दंड झाला. न्यू इंग्लंड ३५-३१ ने जिंकलं आणि त्याच वसंतात लीगने नियम बदलला: अपात्र म्हणून नोंदवलेल्या अशा खेळाडूने टॅकलच्या चौकटीतच उभं राहायचं. पुढे ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसमध्ये डेट्रॉइटने दोन गुणांसाठी ६८ क्रमांकाच्या टेलर डेकरला पास दिला. त्याने तो झेललाही. पण रेफरीने झेलायला पात्र म्हणून जाहीर केला होता तो ७० क्रमांकाचा खेळाडू. फडकं पडलं, आणि डेट्रॉइट २०-१९ ने हरलं. तिथे सात पंच होते, ध्वनिक्षेपक होता. आमच्याकडे शाळेच्या मुख्य सामन्याला पाच पंच, धाकट्या संघांच्या सामन्यांना चार, कधी तीन. तीन जण असताना मागचे चार मोजायचे, मोशन बघायची, एक सेकंद मनात पुरा म्हणायचा आणि लाइनमनचा हात कुणाच्या तोंडावर तर पडत नाही ना तेही बघायचं.

मी सर्व युक्त्यांचा कैवार घेत नाही. किकच्या मांडणीत एक मुलगा ओरडतो, "टी (किकसाठी चेंडू ठेवायची बैठक) कुठे आहे?" दुसरा म्हणतो, "मी आणतो," आणि कडेकडे धावत सुटतो. तेवढ्यात स्नॅप होतो आणि त्यालाच पास जातो. आपल्या केसबुकात, म्हणजे नियम उदाहरणांनी समजावणाऱ्या पुस्तकात, हे खिलाडूवृत्तीला सोडून असल्याचं म्हटलं आहे आणि माझं पूर्ण अनुमोदन आहे. तिथे खेळ थांबल्याचं नाटक केलं जातं. समोरची मुलं फसतात ती आपण सगळे मिळून पाळतो त्या शिस्तीवर विश्वास ठेवल्यामुळे. खेळाडू बदलण्याचं सोंग करणंही तसंच, आणि त्याचे पंधरा यार्ड मी क्षणभरही न घुटमळता देईन. मांडणी मात्र डोळ्यांसमोर उघडी असते. समोरच्याने ती ओळखायची असते.

मी मूळचा सांगलीचा, खो-खोच्या मैदानावर वाढलो आणि पुढे काही वर्षं तिथे पंचगिरीही केली. तो खेळ हालचालीच्या नियमांवरच उभा आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांदा मागे वळवायचा नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. बघा, मोशनमधल्या गड्याचं पाऊल पुढे झुकलं का हे पाहताना मी अजूनही आधी खांदे बघतो. ती सवय तिथली. खो-खोत पंच शिटी वाजवतो, पाठलाग करणारा चूक सुधारतो आणि खेळ चालू राहतो. चुकीतून मिळालेला गडी तेवढा धरत नाहीत. फायदा झाला तर तो काढून घ्यायचा, झाला नाही तर सुधारून घ्यायचं, आणि ते नियमात लिहिलेलं. संघ सांगलीचा असो की मुंबईचा, शिटी सारखीच. हाच लिखितपणा मी आपल्याकडे मागतो आहे.

आपण तो देऊ शकता हे २०१९ मध्ये आपणच दाखवलंत. तोवर लाइनवर सात जण मोजावे लागत. एखाद्या संघाचा एक गडी मैदानात यायचा राहिला, दहाच जण खेळले, तर लाइनवर सहा भरले म्हणून उलट त्यांनाच दंड व्हायचा. आपण नियम फिरवलात: निदान पाच लाइनवर, मागे जास्तीत जास्त चार. मागचे चार मोजणं सोपं, आणि एक गडी कमी असलेल्याला शिक्षा नाही. त्या बदलाने माझं काम जितकं सरळ केलं तितकं दुसऱ्या कशाने केलेलं नाही.

तेव्हा पहिली मागणी: आधी बोला, मग प्रशिक्षकाला सांगा, मग फडकं, ही रीत केसबुकात घाला. कोणत्या चुकांना ती लागू आणि कोणत्यांना नाही हे उदाहरणांसह लिहा. रिसीव्हर अर्धा यार्ड चुकीचा उभा असणं एका बाजूला. मागे पाचवा गडी, एकाच वेळी दोघांची मोशन, सोंग, हे दुसऱ्या बाजूला. मोशनमधलं पुढचं पाऊल मधे येतं आणि तिथेच आपलं मार्गदर्शन सर्वांत जास्त हवं आहे. त्या झुकलेल्या पावलाने त्या मुलाला आघाडी मिळाली का, की ते नुसतं पडलं? फिल्म पाहून मला वाटतं, ते नुसतं पडलं होतं, कारण चेंडू फुलबॅककडे होता आणि विंगबॅकने कुणाला अडवलंही नव्हतं. पण असं ठरवायचा अधिकार मला आहे का, हे कुठेही लिहिलेलं नाही. स्लॉट रिसीव्हरच्या बाबतीत मात्र मी तो अधिकार न विचारता वापरला.

दुसरी मागणी सामन्याआधीच्या भेटीबद्दल. जो प्रशिक्षक आपली मांडणी उघड करतो त्याला तिथेच उत्तर मिळालं पाहिजे: नियमात बसते, किंवा बसत नाही आणि या कारणाने. आज त्याला बहुधा "बघू" एवढंच ऐकू येतं. रेफरीने एकदा 'बसते' म्हटलं की त्या रात्रीपुरतं ते पाचही पंचांना बांधील असावं. तेव्हाच मोकळेपणाने सांगण्यात काही अर्थ राहील.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. आमच्या वर्गांत दाखवल्या जाणाऱ्या फिती जवळजवळ सगळ्या पसरलेल्या मांडणीच्या असतात. नवा पंच डबल विंग पहिल्यांदा बघतो तो थेट सामन्यात. दर उन्हाळ्याच्या वर्गात एक तास जुन्या आणि दुर्मीळ मांडण्यांना द्या. पंचांची चणचण आहे हे मला माहीत आहे, मी स्वतः दोन शेजाऱ्यांना या कामात ओढलं आहे. तरीही धाकट्या संघांच्या सामन्यांना तीनऐवजी चार जण मिळावेत यासाठी राज्यांकडे आग्रह धरा. मुलं मोशन शिकतात ती त्याच वयात, आणि त्याच सामन्यांत दुसऱ्या कडेवर बघायला कुणी नसतं.

शेवटचं. त्या सामन्याची फिल्म मी कापून ठेवली आहे: अकरा वेळा चुकीचा उभा राहिलेला रिसीव्हर, स्लॉटच्या दोन मोशन, आणि ते पाऊल. दोन्ही शाळांच्या प्रशिक्षकांनी प्रशिक्षणासाठी ती वापरायला लेखी संमती दिली आहे. लहान शाळेच्या प्रशिक्षकांनी एकच अट घातली, विंगबॅकचा चेहरा झाकावा. ती पाळली आहे. माझा चेहरा झाकलेला नाही. फडकं माझ्या हातातून सुटताना स्पष्ट दिसतं. इंग्रजी प्रतीसोबत ही फीत आपल्याकडे येते आहे. हिवाळ्यातल्या बैठकीत ती पडद्यावर लावून सलग बघावी, एवढी विनंती.

आपला,
एक लाइन जज,
न्यू जर्सी